इंजिनची पाटी कोरी केल्याची हकिगत

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या आणि तुझ्या मते अजून मार्गाला न लागलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे नमस्कार कागदावरच घालतो आहे.) तुझी तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालतो, कारण जरा कुठे दुखलं असतं तर त्याला मी कसा जबाबदार आहे हे सांगणारं पत्र एव्हाना येऊन पडलं असतं. मागच्या पत्रात तू गुडघ्याला तेल लावायला सांगितलं होतंस. लावलं. तेल चांगलं आहे, गुडघा तसाच आहे. तुझी भावजय बरी आहे. तिचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट आहे, पण ती बोलून दाखवत नाही आणि मी दाखवतो, एवढाच काय तो फरक. तुझा भाचाही बरा आहे. खरं तर तो जरा जास्तच बरा आहे आणि हे पत्र लिहायला बसलोय ते त्यामुळेच.

आडपडदा न ठेवता सांगतो. त्याने माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली आहे. माझ्या स्वतःच्या मुलाने, माझ्या स्वतःच्या गाडीची, माझ्या स्वतःच्या खिशातून. ती आता त्याच्या ऑफिसातल्या खणात आहे, आणि त्या खणात त्याच्या धंद्यामुळे नेहमी चेपलेल्या गाड्यांचे फोटो असतात. (तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो, हे तुला ठाऊक आहेच. दिवसभर दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्या बघितल्या की माणसाला धड गाडीसुद्धा लवकरच मोडणार आहे असं दिसायला लागतं.) किल्ली गेली म्हणजे माझं नक्की काय गेलं, हे तुला आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तू नुसती हसणार नाहीस.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी तुझ्या भावजयीला पोहण्याच्या तलावावर नेतो. तिथे तिच्यासारख्या दहा-बारा जणी पाण्यात उभ्या राहून गुडघ्याचे व्यायाम करतात आणि मी बाहेर बाकावर टॉवेल धरून बसतो. तलाव गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. आता घरात ही माझ्याशी बोलते ती कामापुरती. नळ बंद केलात का, गोळी घेतलीत का, चष्मा डोक्यावर आहे. पण गाडीत बसली, दार लावलं, की हिला बोलायला सुचतं. लग्नाआधीचं, तिच्या आईचं, आपल्या आईचं, तुझंही (ते मी इथे लिहीत नाही). चाळीस वर्षं मी टायपिंगच्या क्लासात इतक्या यंत्रांच्या खडखडाटात बसलो की घरी आल्यावर मला कुणाचं बोलणंच नको असायचं. आता ऐकायला बसलोय तर ऐकायची जागा तेवढी एकच आहे, आणि तिची किल्ली तुझ्या भाच्याच्या खणात आहे.

तर झालं असं. गेली दोन वर्षं गाडीचं पिकअप गेलंय. पूर्वी माझी गाडी कशी होती ते तुला आठवत असेल, तू एकदा बसली होतीस आणि उतरल्यावर बराच वेळ कुणाशी बोलली नव्हतीस. मी मूळचाच वेगाचा माणूस. मिनिटाला ऐंशी शब्द हा माझा आकडा आमच्या क्लासच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता आणि तो मोडायला कुणी आलं नाही, यंत्रंच भंगारात गेली. अशा माणसाने ॲक्सिलरेटर तळाला टेकवावा आणि गाडीने चाळिसाच्या पुढे जायला नकार द्यावा, ही काय अवस्था म्हणायची? चढावर तर पंचवीस. मागून ट्रक हॉर्न वाजवतात. गेल्या महिन्यात टपाल वाटणारी बाई सायकलवरून मला मागे टाकून गेली, पुढच्या सिग्नलला पाय टेकून थांबली आणि माझं टपाल खिडकीतून माझ्या हातात दिलं. (तुझंच पत्र होतं, तेलाचं.)

हे नेमकं तुझ्या भाच्याच्या कानावर गेलं. त्याने मला खुर्चीवर बसवून, अपघातात सापडलेल्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात सांगितलं की बाबा, गाडीला काही झालेलं नाही, तुमचा पाय हळू झालाय. वयाने होतं असं. हळू चालवणाराही रस्त्यावर धोकाच असतो, त्याच्याकडे आकडे आहेत. पुढच्या रविवारी तो शेजारी बसेल, पाण्याच्या टाकीचा चढ मी चढून दाखवायचा. वेग चाळिसाच्या खाली आला तर किल्ली त्याच्याकडे. ताई, ज्याला मी सायकल शिकवली, ज्याच्या मागे सीट धरून मी धावलो, तो माझी परीक्षा घेणार. मला राग आला, आणि रागाच्या खाली थोडी भीतीही वाटली, कारण पाय माझाच हळू झाला असेल तर? रात्रभर पायाची बोटं हलवून बघितली. मला तरी ती वेळेवर हलताना दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोनवर एक दाढीवाला भेटला. (फोनमध्ये आपण जे मनात आणतो त्याचेच व्हिडिओ येतात, हे तुला माहीत आहे का? तुला काय येतं ते कळव.) त्याचं म्हणणं असं की आजकालच्या गाडीच्या इंजिनला एक कॉम्प्युटर असतो. तो चालवणाऱ्याच्या सवयी बघून बघून शिकतो, आणि कालांतराने चुकीचंही शिकून बसतो. बॅटरीची एक तार काढायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा लावायची. कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि गाडी कारखान्यातून आली तशी तरणीताठी होते. ताई, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. कारण चाळीस वर्षं मी दुसरं केलं तरी काय? घरी दोन बोटांनी बडवून बडवून हात बिघडवून आलेली पोरं मी कशी सरळ केली? शिकलेलं सगळं विसरायचं, नजर भिंतीवर, बोटं मधल्या ओळीवर, आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात. जे बोटांना लागू पडतं ते इंजिनला का लागू पडू नये?

तरीही मी उतावळेपणा केला नाही, आधी तज्ज्ञाला विचारलं. आमचा मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. क्लासात आम्ही त्याला अर्धविराम म्हणायचो, कारण तो कुठलंही वाक्य अर्ध्यावर आणून थांबतो आणि पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं असतं. (मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, मग मीच त्याला म्हटलं की बाबा, तुझे हात मोठ्या यंत्रांसाठी आहेत.) त्याने मला नीट समजावून सांगितलं, ते मी जसंच्या तसं देतो. इंजिनच्या कॉम्प्युटरची अक्कल दोन प्रकारची. एक कारखान्यातून पाठ करून आलेली, ती तार काढून पुसली जात नाही. दुसरी रोजच्या वापरातून कमावलेली, म्हणजे या गाडीला पेट्रोल थोडं कमी लागतं की जास्त, उभी असताना इंजिन कितीवर फिरवलं की बंद पडत नाही, असली बारीकसारीक. तार काढली की ही दुसरी जाते. मग गाडी चार दिवस चुळबुळ करते, पुन्हा तेच शिकते आणि होती तिथेच येऊन थांबते. एखादा बिघडलेला भाग बदलल्यावर जुनी सवय पुसायला म्हणून तार काढली तर गोष्ट वेगळी, पण नुसती तार काढून कुणाचं पिकअप वाढत नाही. मी म्हटलं, मग माझी गाडी हळू का? तो म्हणाला, "त्याचं कारण कॉम्प्युटर नाही सर, त्याचं कारण..." आणि फडक्याने हात पुसायला लागला. हात तेवढे मळलेलेही नव्हते. मी वाट पाहिली. त्याने माझ्या घराच्या दिशेला एकदा बघितलं, पुढचं वाक्य काही आलं नाही, आणि मी समजलो की यालाही नक्की माहीत नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी मीच बॉनेट उघडलं. दहा नंबरचा पाना, हातात घड्याळ, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. तार काढली. पंधरा मिनिटांच्या जागी मी पाऊण तास थांबलो, कारण दोन वर्षांच्या सवयी आहेत, एकदम कशा जातील. तार परत लावली मात्र, गाडी जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. म्हणजे चोर आल्यावर वाजतो तो भोंगा. मला, मालकाला, चोर समजली ती, आणि ती बंद करायचं बटण होतं किल्लीवर, किल्ली होती घरात, घराला होतं कुलूप, कारण ही भाजी आणायला गेली होती. अकरा मिनिटं मी बॉनेटवर हात ठेवून तिला समजावत उभा होतो आणि सगळ्या गॅलऱ्यांतून लोक माझ्याकडे बघत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर विचारलं, कुणाची गाडी आहे ही? दहा वर्षं ओळखतात त्या मला.

भोंगा थांबला, पण विसरण्याचं काम मात्र फर्मास झालं होतं. घड्याळ बारा वाजता उभं. खिडकी बटण एकदा दाबलं की वर जायची, ती आता अर्ध्यावर येऊन विचार करायची. रेडिओने माझ्याकडे चार आकडी परवलीचा शब्द मागितला. मी माझा जन्म, हिचा जन्म, लग्न आणि निवृत्ती अशी चार वर्षं टाकून बघितली, त्यानंतर तो गप्प बसला तो आजतागायत. इंजिन सुरू झालं, पण ताप भरलेल्या माणसासारखं थडथडत. पहिल्याच सिग्नलला बंद पडलं, दुसऱ्याला बंद पडलं, तिसऱ्याला मी थांबलोच नाही (हे त्याला सांगू नकोस). वेग होता तोच. पण मी खचलो नाही. पहिल्या दिवशी कुठल्या विद्यार्थ्याची बोटं पळतात? पाटी कोरी झाली होती, आता ती कोण भरतं यावर सगळं होतं. आणि इथे मला ती युक्ती सुचली, जिचा मला अजूनही अभिमान आहे.

माझ्या पायाने शिकवलं आणि पाय खरंच हळू झालेला असला, तर गाडी तेच हळूपण गिरवणार. म्हणून पहिले धडे दुसऱ्या पायाने द्यायचे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, अठ्ठावीस वर्षं रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सायरन म्हणतात. घरात पाणी मागायचं तरी ते असं मागतात की रस्त्यावरची माणसं बाजूला होतात. त्यांच्या उजव्या पायाएवढा दांडगा पाय या भागात दुसरा नाही. मी त्यांना सांगितलं की गाडीची पाटी कोरी आहे, वळण लावायचंय, आठवडाभर रोज सकाळी एक तास द्या. त्यांना ते इतकं आवडलं की ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी शेजारी बसलो, मांडीवर धड्यांची वही. धडा पहिला, सपाट रस्ता, एकच वेग. धडा दुसरा, थांबणे आणि निघणे. धडा तिसरा, चढ. क्लासात जी छडी मी टेबलावर ठेकाला आपटायचो तीही बरोबर घेतली होती.

आता ऐक. सायरन बसले, आरसा नीट केला, पाय दिला. गाडी निघाली, चाळिसाला पोहोचली आणि तिथेच राहिली. त्यांनी पाय आणखी दिला. आणखी द्यायला जागाच नव्हती. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. धडा तिसरा झाला तेव्हा एक दुधाची गाडी, एक पाण्याचा टँकर आणि एक चालायला निघालेलं जोडपं आमच्या पुढे गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नोकरीतले जाड तळव्याचे बूट घालून आले. काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी बूट काढून अनवाणी. चौथ्या दिवशी मी खाली गेलो तर ते जिन्यात पायऱ्या चढत-उतरत होते आणि तोंडाने आकडे मोजत होते. पाचव्या दिवशी ते आलेच नाहीत. डॉक्टरांकडे गेले होते, उजवा पाय दाखवायला. डॉक्टर म्हणाले की वयाच्या मानाने पाय उत्तम आहे, आणि त्या 'वयाच्या मानाने'वर ते इतके भडकले की तिथूनच चालत घरी आले, पाच किलोमीटर. माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण ताई, खोटं कशाला सांगू, मनातून मला गारेगार वाटत होतं. सायरनचा पाय हळू पडतो म्हणजे माझा पाय हळू पडतो याला काही अर्थच राहिला नाही.

हा आनंद मी रात्रीच्या जेवणात तुझ्या भाच्याला सांगायची चूक केली. तो म्हणाला, बरोबर, मग गाडीच संपली, विकून टाकू. म्हणजे बघ. पाय खराब निघाला तर किल्ली जाणार, गाडी खराब निघाली तर गाडी जाणार. ही समोर बसून पोळी मोडत होती, तिचा घास हातातच राहिला. त्या रात्री तिने मला तीनदा विचारलं की रविवारी खरंच नेणार का हो किल्ली. मी म्हटलं, नेईल. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि तिला झोप लागलेली नव्हती हे मला कळत होतं.

शुक्रवारी तलावावर जाता-येता मीच शिकवलं. हिने विचारलं की गाडीशी का बोलताय, तर मी म्हटलं की क्लास चालू आहे. शनिवारी सकाळी हिने आपण होऊन गाडी धुवायला अर्धविरामाकडे पाठवली. मला फार बरं वाटलं. परीक्षेला विद्यार्थ्याने स्वच्छ कपड्यांत जावं, हे मी चाळीस वर्षं सांगत आलो, निदान घरात एका माणसाने ऐकलं. दुपारी तो गाडी सोडून गेला. किल्ली देताना म्हणाला, "सर, उद्या जरा पाय..." आणि थांबला. मी म्हटलं, पायाची काळजी नको, पाय चांगला आहे. तो काही तरी बोलणार होता, पण हिने त्याला चहा दिला.

रविवार. तुझा भाचा शेजारी, मांडीवर फळी, फळीवर छापील कागद, त्यात रकाने. ही मागे. आणि हे मी नंतर आठवून लिहितोय, त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही, ही गाडी सुरू होण्याआधीच पट्टा आवळून, दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसली होती. मी नमस्कार केला, नजर समोर, आणि गेली दोन वर्षं देतोय तसा पाय दिला. म्हणजे तळापर्यंत.

ताई, गाडी उडाली. मी विनोदाने लिहीत नाही, फाटकाजवळच्या गतिरोधकावर चारही चाकं जमिनीपासून सुटली होती, असं तुझ्या भाच्याने पुढे नव्या कागदावर नोंदवलं आहे. फाटकाशेजारी कुणी तरी चादर वाळत घातली होती, ती बॉनेटवर बसून चौकापर्यंत आमच्याबरोबर आली. दोन वर्षं मागून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकांपैकी विटांचा एक ट्रक मी चढाच्या पायथ्याशी गाठला आणि मध्यावर मागे टाकला. मी त्याला हॉर्न वाजवला. (एकदाच. म्हणजे लांब, पण एकदाच.) फुटपाथवर सायरन पाय मोकळा करत चालले होते. त्यांनी आम्हाला जाताना बघितलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि त्यांचा जबडा खाली आलेला मला आरशात दिसला. टाकीपाशी पोहोचलो तेव्हा काटा ऐंशीवर होता. ऐंशी, ताई, माझा आकडा. मी गाडी उभी केली आणि निकालासाठी तुझ्या भाच्याकडे वळलो. त्याचे कागद खिडकीतून गेले होते, फळी उरली होती. तो चढाच्या खाली बघत होता, जिथे ते कागद उडत होते. मग त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "बाबा, किल्ली."

आता तूच न्याय कर. चाळिसाच्या खाली आली तर किल्ली, असं ठरलं होतं. मी दुप्पट करून दाखवलं. तर म्हणे फार जोरात चालवता. आठ दिवसांपूर्वी मी हळू होतो म्हणून धोका होतो, आज मी जोरात आहे म्हणून धोका आहे. मी त्याला म्हटलं, मधल्या आठवड्यात मी केव्हा बरोबर होतो तेवढं सांग. त्यावर त्याच्याकडे आकडे नव्हते, पण किल्ली होती. आणि तार काढून रीसेट केल्याने फरक पडतो की नाही याचा एवढा ढळढळीत पुरावा अंगावर येऊन गेला तरी त्याने शास्त्राकडे लक्षच दिलं नाही. अर्धविरामाला मी मुद्दाम जाऊन विचारलं, तर तो म्हणतो, धुतल्यामुळे गाडी हलकी झाली असेल सर. चिखलाचं वजन. हा माझा विद्यार्थी.

मंगळवारी हिला तुझ्या भाच्याने त्याच्या गाडीतून तलावावर नेलं. अठरा मिनिटांत पोहोचले म्हणे. वाटेत तो कुणाकुणाच्या मोडक्या दारांबद्दल फोनवर बोलत होता. मी घरी बसलो होतो. टॉवेल न्यायला ही विसरली होती, तो खुर्चीच्या पाठीवर होता, मी त्याच्याकडे बघत बसलो. ही परत आली, मी विचारलं, कसं झालं, तर म्हणाली, झालं. नळ बंद केलात का? तेवढंच. ताई, मला फार वाईट वाटलं. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला वाईट वाटावं एवढी ती गोष्ट मोठी नाही, हे मला कळतं. तरी वाटलं, आणि तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

बाकी सगळं क्षेम. तेल लावतो आहे. सायरन पुन्हा बोलायला लागले आहेत, काल दारात येऊन एवढंच म्हणाले की माझा पाय उत्तम आहे, आणि गेले. तुझी खुशाली कळव, औषधं वेळेवर घे, आणि शेजाऱ्यांना फार शिस्त लावू नकोस, त्यांना जगायचं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. १. तुझा भाचा जगात एकाच माणसाला घाबरतो, हे तुला ठाऊक आहे. तू इस्पितळात मेट्रन होतीस तेव्हा त्याला एरंडेल दिलं होतंस, तेव्हापासून तुझा फोन आला की तो आजही उठून उभा राहतो. तेव्हा तू त्याला एक खरमरीत पत्र लिहावंस. तुला त्रास नको म्हणून पत्र मी तुझ्या वतीने टाइप करून सोबत ठेवलं आहे, तू फक्त सही कर. त्यात तू मला 'माझा गुणी आणि समंजस भाऊ' म्हटलं आहेस. ते खोडू नकोस, खाडाखोड केलेलं पत्र बरं दिसत नाही.

ता. क. २. तुझी गाडी हल्ली कशी चालते? माझ्याकडे दहा नंबरचा पाना आहे. कळवलंस तर येईन, पाऊण तासाचं काम. रेडिओचा आकडा मात्र आधी शोधून ठेव.

ता. क. ३. पाकीट हिच्याकडे देतो आहे, तिकीट लावून तीच टाकेल. हिला वाचता यावं म्हणून मी ते उघडं ठेवलं आहे, पण ती माझी पत्रं वाचत नाही, म्हणते सगळं तोंडी ऐकलेलं असतं.

वन्संना सा. नमस्कार.

यांनी चाळीस वर्षं गावाला टायपिंग शिकवलं, मला शिकवलं नाही, म्हणून हाताने लिहिते आहे. पत्र मी वाचलं. नेहमीच वाचते. ऐंशीचं खरं आहे, चादरीचंही खरं आहे, ती मी धुऊन परत केली.

रीसेटचं मात्र काही खरं नाही. दोन वर्षांपूर्वी यांनी मला सतरा मिनिटांत तलावावर नेलं. मी पाण्यात उतरले तेव्हा माझे पाय आधीच लटपटत होते. परत आल्यावर मी अर्धविरामाला बोलावलं आणि ॲक्सिलरेटरच्या खाली एक रबरी गुटका बसवून घेतला. पायाला तळ लागल्यासारखा वाटतो आणि गाडी चाळिसाच्या पुढे जात नाही. यांना सांगून काही उपयोग झाला नसता, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुलाने किल्लीची गोष्ट काढली तेव्हा मी घाबरले, आणि परीक्षेपुरता शनिवारी गुटका काढून घेतला. यांना पाय जरा जपून द्या म्हणून सांगायला हवं होतं, पण काय कारण सांगणार? ती चूक माझी. त्या बिचाऱ्या सायरनना मी सरबत नेऊन दिलं, पण का दिलं ते सांगितलं नाही.

हा खालचा भाग वाचून झाला की कापून टाका. तुमच्याकडे आले की हे आपलीच जुनी पत्रं मागून घेतात आणि वाचून हसतात.

यांनी टाइप केलेल्या पत्रावर सही करा. गुणी आणि समंजस राहू द्या. मुलाबरोबर मी मंगळवारी गेले ते अठरा मिनिटांत, आणि माझ्याकडे यांना सांगायला आठवड्याभराचं साठलं आहे. अर्धविरामाला सांगून ठेवलंय, किल्ली आली की त्याच दिवशी तो गाडी धुवायला नेणार आहे. तुम्ही किल्ली तेवढी मिळवून द्या. वेगाचं मी बघते.